पुरण्याआधीची उपकारस्तुती



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर प्राथमिक शाळेत शिकवलं आणि दर रविवारी उपासनेआधी शब्बाथशाळा घेतली. व्यासपीठावर त्या क्वचितच चढल्या. त्यांचं काम चाललं ते मुलांच्या पाटीजवळ आणि घराच्या चुलीजवळ. म्हणून आज मीही विषय घरातलाच घेतला आहे. नाताळच्या आधीचे दिवस, त्या दिवसांतलं आपलं घर आणि त्या घरात होणारी, पुष्कळदा व्हायची राहून जाणारी, उपकारस्तुती.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. वसईकडच्या कॅथलिक मंडळींत तो मोठ्या निष्ठेने पाळतात. वेदीवर जांभळं वस्त्र येतं, तिसऱ्या रविवारी गुलाबी येतं, दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते. आमच्या नगरकडच्या मंडळ्यांत आगमनकाळाचं एवढं प्रस्थ नाही. पाळकसाहेब उपदेशात उल्लेख करतात, तेवढंच. आम्हाला नाताळ जवळ आल्याचं कळतं ते चुन्याच्या वासावरून आणि बेकरीसमोरच्या रांगेवरून. डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात पत्र्याचे डबे घेऊन बायका बेकरीपुढे उभ्या असतात. मैदा, रवा, तूप, पिठीसाखर घरूनच मळून आणलेली असते. भट्टीवाला वजनावर मजुरी लावतो, डब्यावर नाव लिहून घेतो आणि संध्याकाळी या म्हणतो. रांगेत कुणाच्या मुलीचं ठरतंय, कुणाच्या नवऱ्याची साखर वाढलीय, कुणाचा मुलगा पुण्याहून येणार की नाही, हे सगळं समजतं. घरी आल्यावर करंज्यांचं सारण, चकलीची भाजणी, पडदे धुणं, मुलांचे कपडे, चांदणीतला गेल्या वर्षी गेलेला बल्ब. हा आमचा आगमनकाळ. तो देवळात कमी आणि घरात जास्त असतो, याबद्दल काही वडीलधारे हळहळतात. मला त्याचं दुःख वाटत नाही. देवाने यायचं ठरवलं तेव्हा तो घरातच आला.

शुभवर्तमानं पुन्हा एकदा या नजरेने वाचून पाहा. लूक सांगतो की, प्रभू येशूने कार्याला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्या तीस वर्षांतलं आपल्याला फार थोडं सांगितलेलं आहे. जन्म, मिसरातलं पलायन, बाराव्या वर्षी यरुशलेमेत आईबापांच्या नजरेआड होणं, बस्स. बाकीची सगळी वर्षं नासरेथच्या एका सुताराच्या घरात गेली. चमत्काराची, उपदेशाची, शिष्यांची वर्षं तीनेक आणि घरातली वर्षं तीस. आपण तीन वर्षांवर हजारो उपदेश करतो आणि तीस वर्षांवरून पटकन पुढे जातो.

खरं तर ती तीस वर्षं लपलेली नाहीत. ती दाखल्यांत आहेत. स्त्री पिठात खमीर घालते आणि सगळं पीठ फुगून येतं. तीन मापं पीठ म्हणजे मोठ्या पंगतीचं काम, हे ज्याने ते मळताना पाहिलं असेल त्यालाच सुचेल. एका बाईचं दहापैकी एक नाणं हरवतं, ती दिवा लावून घर झाडते आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावते. जुन्या कपड्याला नव्या कापडाचं ठिगळ लावलं तर ते आटतं आणि भोक आणखी मोठं होतं, हे सुताराच्या दुकानात शिकता येत नाही. ते आईजवळ बसून शिकावं लागतं. मध्यरात्री मित्र दार ठोठावतो, तीन भाकरी मागतो आणि आतला माणूस म्हणतो की दार लावलंय, मुलं माझ्याजवळ निजलीत, आता उठवत नाही. हे एका खोलीचं घर आहे. सगळे एका अंथरुणावर झोपणारं, एकाने कूस बदलली की दुसरा जागा होणारं. मत्तयाने येशूच्या भावांची नावं दिली आहेत, याकोब, योसेफ, शिमोन आणि यहूदा. बहिणींचाही उल्लेख आहे. एवढ्या माणसांच्या घरात जो वाढला, त्याच्या तोंडी देवाच्या राज्याबद्दल बोलताना पीठ, दिवा, मीठ आणि ठिगळ आलं, यात नवल नाही. मरीयेच्या रोजच्या कामाकडे त्याने किती लक्ष देऊन पाहिलं असेल! मला वाटतं, आईच्या कष्टांबद्दलची त्याची कृतज्ञता या दाखल्यांमध्ये आहे. तिची कामं त्याने देवाच्या राज्याची साक्ष म्हणून जगापुढे मांडली.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. तिच्यातला क्रम मात्र आपण नीट पाहत नाही. समोर हजारो माणसं बसलेली आहेत, हातात पाच भाकरी आहेत, त्या पुरणार नाहीत हे शिष्यांनी आधीच सांगून टाकलं आहे. अशा वेळी प्रभू उपकारस्तुती करतो. भाकरी पुरल्यावर, टोपल्या उरल्यावर त्याने उपकार मानले असते तर आपल्याला सोपं गेलं असतं. तसं त्याने केलं नाही. शेवटच्या रात्रीही तेच. धरून देणारा पंगतीला बसलेला आहे, दुसऱ्या दिवशी काय होणार हे माहीत आहे आणि तो भाकर हातात घेऊन उपकार मानतो. पुरण्याच्या आधी उपकार मानणं, हा ख्रिस्ती विश्वासाचा गाभा आहे असं मला वाटतं. ख्रिस्ती घराची परीक्षा घ्यायची तर ती इथे घ्यावी.

कारण आपलं घर सहसा उलट क्रमाने चालतं. मुलाला नोकरी लागू दे, मग उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवू. मुलीचं जमू दे, मग पाळकसाहेबांना बोलावू. कर्ज फिटू दे, मग देवळाला पंखा देऊ. या मन्नतींमागे भक्ती आहे, मी ती हलकी मानत नाही. पण या हिशेबाने जगणाऱ्या घरात आभाराची वेळ नेहमी पुढच्या वर्षात असते.

जर्मनीतल्या आयलेनबुर्ग या छोट्या शहरात मार्टिन रिंकार्ट नावाचा पाळक होता. 1618 ते 1648 अशी तीस वर्षं चाललेल्या युद्धाचा तो काळ. तटबंदी असल्यामुळे आसपासचे निर्वासित त्या शहरात लोटत होते. 1637 मध्ये तिथे मरी आली. बाकीचे पाळक मेले किंवा निघून गेले. रिंकार्टने त्या वर्षी चार हजारांहून अधिक माणसं पुरली. त्यांत त्याची बायको होती. या माणसाने त्याच काळात एक छोटं गीत लिहिलं होतं, घरच्यांनी जेवणाच्या वेळी म्हणावं म्हणून. ते उपकारस्तुतीचं गीत पुढे जगभर गेलं. मोठ्या समारंभांत, राजेराण्यांच्या प्रार्थनास्थळांत आज ते वाद्यमेळासह गातात. मूळचं ते जेवणाच्या टेबलाचं गीत आहे आणि त्या टेबलावर पुढे काय वाढून ठेवलं होतं, ते मी सांगितलंच. असं गीत ज्या घरात रोज म्हटलं जात होतं, त्या घराला मरीच्या वर्षात काहीतरी धरायला होतं.

परदेशचं उदाहरण मी एवढ्यासाठी दिलं की कृतज्ञता ही सुखवस्तू घरांची चैन आहे असं कुणी म्हणू नये. आपल्या मातीतलं उदाहरण त्याहून जवळचं आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील 1874 मध्ये दुष्काळाच्या दिवसांत मद्रास इलाख्यात अन्नावाचून खंगून गेले, पाठोपाठ बहीणही गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. कडेवर लहानगी मनोरमा. घर म्हणावं असं त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं. पुढे 1896–97 च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना केडगावला घेऊन आल्या. स्वतः भुकेने पाय ओढत चाललेल्या बाईने दुसऱ्या भुकेल्या मुलींसाठी चुली पेटवल्या. त्या मुलींतल्या काही जणी पुढे छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या आणि रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठीत आणलेलं बायबल त्यांच्या हातांनी छापलं गेलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी मनोरमाही गेली होती. रमाबाईंच्या घरात कधीही सगळं पुरून उरलं नाही. उपकारस्तुती मात्र तिथे रोज होती आणि ती शेकडो मुलींच्या ताटात वाढली जात होती.

आणि मग आपल्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्याबद्दल मला थोडं अधिक बोलू द्या, कारण माझ्या मते मराठी ख्रिस्ती घराचं सगळ्यांत खरं चित्र त्यांनी काढलं आहे. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचं घर मोडलं. सोवळ्याओवळ्याचा कमालीचा कडक आचार असलेल्या बापाच्या घरी त्या वाढलेल्या. नवरा बाटला, माहेरी-सासरी तोंड दाखवायला जागा नाही, पदरी लहान मूल. पुढची काही वर्षं पंढरपूर, नाशिक अशी गेली. मग त्या टिळकांकडे परतल्या. परतल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या वेगाने, जातिभेद देवाने केला की माणसाने, असा विचार करत करत त्या एका जागी आल्या आणि ठरवलं की आता कुणाच्याही हातचं खाणार, पिणार. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा विश्वास पाण्याच्या तांब्यापाशी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पक्का झाला. उपदेशाच्या व्यासपीठाखाली बसून तो झाला असता तर इतका टिकला असता का, याची मला शंका आहे.

टिळक मोठे कवी, मोठे भक्त. आजही आपल्या ‘उपासना संगीता’तून त्यांचं नाव आपल्या ओठांवर दर रविवारी असतं. पण टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. वाण्याकडे जायला दिलेले रुपये भलत्याच गरजवंताकडे जात, घरी दोन पाहुणे येण्याऐवजी दहा येत, रस्त्यातलं अनाथ मूल घरचं होऊन जाई. बालकवी ठोंबरे याच घरात पोरासारखे राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना पोरासारखं वागवलं. हे सगळं ज्या डब्यातल्या पिठावर चालायचं, तो डबा लक्ष्मीबाईंच्या ताब्यात होता. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना मला नेहमी जाणवतं की ही बाई कुरकूर लपवत नाही. ती रागावते, भांडते, रुसते, नवऱ्याला सुनावते आणि तरीही प्रत्येक पानावर माणसांचे उपकार नावानिशी मानते. कुणी निवारा दिला, कुणी शिकवलं, कुणी आजारपणात उशाशी बसलं. टिळक 1919 मध्ये गेले. त्यांच्या हातून अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेण्याचं काम याच बाईने उचललं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कृतज्ञ राहा हा उपदेश आपल्या घरांत बहुतेक वेळा सुनांना केला जातो. मार खाणाऱ्या बाईला, दारुड्या नवऱ्याच्या हाताखाली राबणाऱ्या बाईला, म्हातारपणी मुलांनी वाऱ्यावर सोडलेल्या आईला आपण सांगतो की बाई, देवाने जे दिलं त्यात समाधान मान. हा उपदेश ख्रिस्ताचा नव्हे. अन्याय गप्प सोसायला लावणाऱ्या समाधानाशी उपकारस्तुतीचं काही नातं नाही. लक्ष्मीबाईंनी तक्रारही केली आणि आभारही मानले आणि दोन्ही खरं होतं. ज्या घरात बाईला तक्रार करायला जागा नाही, तिथे तिच्या तोंडच्या आभारांनाही काही मोल राहत नाही.

माझ्या सासूबाई फार शिकलेल्या नव्हत्या. सोसायटीच्या दुकानातून मिळालेल्या एका जुन्या डायरीत त्या नाताळच्या फराळाची यादी करत. कुणाकुणाकडे ताट पाठवायचं, त्यांची नावं आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने दोन-तीन शब्द, ते का पाठवायचं याचे. ‘रात्री रिक्षा काढली.’ ‘उन्हाळाभर पाणी दिलं.’ ‘रेशनचा फॉर्म भरला.’ ‘गाय व्याली तेव्हा आला.’ यादीत हिंदू होते, मुसलमान होते, आळीतल्या सफाई कामगाराचं नाव दर वर्षी पहिल्या पानावर असे. एका नावापुढे लिहिलं होतं, ‘बाळंतपणात माझं केलं.’ ते नाव होतं त्यांच्या थोरल्या जावेचं. शेताच्या बांधावरून दोन्ही घरांत अबोला होता, कोर्टात तारखा चालू होत्या आणि ते बाळंतपण कधीचं जुनं होतं. तरी ताट जात होतं. ते परत येई तेव्हा कधी रिकामं असे, कधी त्यावर चार बोरं असत. सासूबाई काही न बोलता ते घासून ठेवत. मी त्यांना एकदा विचारलं की त्या आता तुमच्याशी बोलतसुद्धा नाहीत, मग कशाला? त्या म्हणाल्या, “बांध नंतरचा आहे.”

मी आयुष्यात पुष्कळ उपदेश ऐकले, काही स्वतःही केले. उपकारस्तुतीवर याहून खोल काही मी ऐकलेलं नाही. लूकने दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट लिहून ठेवली आहे. दहाही बरे झाले, परत आला एकच आणि तो शमरोनी होता. बाकीचे नऊजण वाईट नव्हते. ते घाईत होते. त्यांना याजकाला दाखवायचं होतं, घर गाठायचं होतं, मुलंबाळं भेटायची होती. कृतघ्नता बहुधा अशीच असते. तिच्यात दुष्टपणा नसतो, तिच्यात मागे वळायला सवड नसते. सासूबाईंची ती डायरी म्हणजे वर्षातून एकदा मागे वळण्याची सोय होती.

हॅम्बुर्ग शहरात गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवणारा योहान विशेर्न नावाचा पाळक होता. मुलं रोज विचारत, नाताळ कधी? 1839 मध्ये त्याने गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी छोट्या लाल मेणबत्त्या बसवल्या. रोज एक पेटे. आज जगभरच्या चर्चमध्ये दिसणारं आगमनकाळाचं मेणबत्त्यांचं वर्तुळ तिथून आलं. मला त्यातलं हे आवडतं की ते बेघर मुलांना धीर देण्यासाठी, घरगुती वस्तूतून, एका पालकाने केलं. आपल्या घरात चाक नको, वर्तुळही नको. रात्री जेवण झाल्यावर ताटं उचलण्याआधी घरातल्या प्रत्येकाने एका माणसाचं नाव घ्यावं आणि त्याने काय केलं ते सांगावं. मग प्रार्थना करावी. ‘प्रभू, सर्व गोष्टींसाठी तुझे उपकार’ ही आपली ठरलेली प्रार्थना इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यात कुणीच उरलेलं नाही. नावं आली की प्रार्थनेत माणसं येतील. मुलांना हे फार लवकर जमतं. मोठ्यांना, विशेषतः पुरुषांना, जड जातं. सुरुवात मुलांपासून करावी.

काही घरांत जेवायला माणसंच नाहीत, हेही मला माहीत आहे. नगरकडच्या कितीतरी घरांत म्हातारा-म्हातारी दोघंच आहेत, मुलं पिंपरी-चिंचवडला, मुंबईला, आखातात. कुणाची लेक नर्स आहे आणि तिला चोवीस तारखेची रात्रपाळी लागली आहे. रुग्णालयातल्या रात्रपाळ्या आपल्या समाजाला नव्या नाहीत. मिरजेला वॉन्लेस डॉक्टरांनी 1894 मध्ये रुग्णालय उघडलं आणि पुढे तिथे परिचारिका घडू लागल्या, तेव्हापासून कितीतरी मराठी ख्रिस्ती मुलींनी नाताळची रात्र वॉर्डात काढली आहे. अशा घरी नाताळचं ताट कोण नेतं, ते आपल्या मंडळीने बघायला हवं. हंगामाच्या सणाला आपण ज्वारी, कोंबड्या, अंडी देवळात आणतो आणि लिलाव करतो. त्याच उत्साहाने मंडळीच्या वडिलांनी अशा घरांची यादी केली तर बरं होईल.

शेवटी एक विनंती, आणि ती मुख्यतः इथे बसलेल्या पुरुषांना. नाताळच्या सकाळची आपली उपासना मी लहानपणापासून पाहते आहे. पहिल्या दोन बाकांवर नवे सदरे घातलेले पुरुष असतात. बायका उपदेश सुरू झाल्यावर धावतपळत येतात, हाताला तेलाचा वास असतो, अर्ध्याजणी प्रभुभोजनाआधी मटण बघायला घरी जातात. ज्या आईच्या कामातून प्रभूने देवाचं राज्य समजावून सांगितलं, तिच्या लेकराच्या जन्मोत्सवाच्या सणाला आपल्या घरातली आई उपासनेला मुकते. हे थांबवणं आपल्या हातात आहे. यंदा चोवीस तारखेच्या रात्री घरातल्या कामांची वाटणी करा. कांदे कोण चिरणार, मसाला कोण वाटणार, सकाळी पाहुण्यांचा चहा कोण करणार, ते ठरवा आणि स्वतःच्या वाट्याला जड काम घ्या. उपासना साडेआठला सुरू होते. पहिल्या गीताला आपल्या घरातली बाई आपल्या शेजारी उभी असेल, एवढं यंदा करा.